सहा खिडक्यांचं घर

रेडिओकाकांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहायचं. बाकी सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत, कारण खेळण्यांच्या कंपनीत येण्याआधी एकतीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. दुकान एवढंसं, पुढं एक फळी आणि फळीवर पोटं उघडून पडलेले रेडिओ. गिऱ्हाईक दारात उभं राहून रेडिओ सुरू करायचं आणि काका मान वर न करता सांगायचे, "स्पीकरचा कागद फाटलाय," किंवा "आत झुरळ मेलंय." बहुतेक वेळा तसंच निघायचं. एकदा झुरळाऐवजी पाल निघाली, तर तेही काकांनी आपल्याच बाजूनं धरलं.

पुढं लोक बिघडलेला रेडिओ सरळ फेकून द्यायला लागले. दुकान बंद झालं आणि काका घरी बसले. घरी बसले म्हणजे घरातल्या धडधाकट चालणाऱ्या वस्तू उघडायला लागले. आधी भिंतीवरचं घड्याळ, मग इस्त्री, मग मिक्सर. मिक्सर जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले, तेव्हा त्यांच्या मुलानं हातापाया पडून त्यांना एका खेळण्यांच्या कंपनीत चिकटवलं. तिथं निदान उघडायला कंपनीचंच सामान होतं.

माणूस गुणी होता, यात वाद नाही. पण त्यांच्यात एक खोड होती, आणि ती गुणासारखी दिसायची म्हणून तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. काही चालत नाही असं दिसलं, की काका आधी वस्तू उघडायचे. माणसाला विचारणं हे त्यांच्या यादीत फार खाली होतं.

कंपनी लहानशीच. खालच्या मजल्यावर चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना, त्यामुळं दिवसभर जमिनीतून बारीक घरघर यायची. वर दोन खोल्या. एकीत लांब टेबल, भिंग लावलेला दिवा आणि काकांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेले साठ-सत्तर छोटे खण. दुसरीत जाड गालिचा. तिथं आया आपापली लेकरं घेऊन यायच्या आणि ती लेकरं नवीन खेळण्याचं काय करतात ते बघायचं. लेकरं काय करतात ते ठरलेलंच असतं. आधी तोंडात घालतात, मग जमिनीवर आपटतात आणि मग त्यातून काही उरलं तर खेळतात. काका म्हणत, "एकतीस वर्षांत एवढं कडक गिऱ्हाईक बघितलं नव्हतं."

कंपनीच्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी एक बोलकं खेळणं काढायचं ठरवलं. प्लॅस्टिकचं गोल कोपऱ्यांचं घर आणि त्याला सहा खिडक्या. एकीत मांजर, एकीत चेंडू, मग कप, बूट, पक्षी, चावी. घर विचारणार, "मांजर कुठाय?" मुलानं मांजराची खिडकी दाबली की ती झगझगीत उजळणार आणि मांजर ओरडणार. चुकीची दाबली तर रागावायचं नाही, फक्त पुन्हा विचारायचं. मोठ्या बाईंचा दंडकच होता, आपलं खेळणं कुणाला नापास करणार नाही.

आवाजासाठी एक मुलगी आणली होती. ती इतकी लाडं लाडं बोलायची की काकांनी कानांवर हात ठेवले. "ही मुलांशी बोलत नाहीये," ते म्हणाले, "मुलांच्या आयांना ऐकू जावं म्हणून बोलतेय." आणि त्यांनी आपल्या सुनेचं नाव पुढं केलं. सूनबाई पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घ्यायची. नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून पेटून उठलेली माणसं तिच्या दोन वाक्यांत शांत व्हायची. एका रविवारी काकांनी तिला आपल्या कपड्यांच्या कपाटात बसवलं, कारण लटकलेल्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही, आणि तिच्याकडून सगळे प्रश्न बोलून घेतले. घामाघूम होऊन बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता भिंगरीला दिवसभर माझा आवाज. कंटाळेल हो ती."

भिंगरी म्हणजे काकांची नात. तेव्हा वीस महिन्यांची. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी.

या खेळण्यात एक गोष्ट मात्र सर्वस्वी काकांच्या डोक्यातली होती. बॅटरी वाचावी म्हणून घर मधेमधे झोपायचं, आणि झोपेतून उठल्यावर आवाजाला तयार व्हायला क्षणभर लागायचा. तेवढ्या वेळात मूल निघून जातं. म्हणून काकांनी आधी उजेड दिला. प्रश्नाच्या अर्धा सेकंद आधी बरोबर खिडकीत अगदी मंद दिवा लागायचा आणि विझायचा, मग आवाज यायचा. मुलाला तेवढाच आधार. दोन-चारदा बरोबर आलं की दिवा आपोआप मंद होत जायचा आणि शेवटी लागायचाच नाही, म्हणजे मग मूल नुसतं ऐकून ओळखायला शिकलं. काकांनी त्याचं नाव ठेवलं चाहूल. कार्यालयात सगळे तसंच म्हणायला लागले आणि काका मनातून फार सुखावले.

पहिला नमुना त्यांनी घरी आणला. भिंगरीनं तो रिवाजाप्रमाणे चाटला, आपटला आणि मग खेळायला बसली. पहिले चार दिवस झकास. मांजर, चेंडू, कप, खिडकी उजळली की दोन्ही हात वर. मग चाहूल मंद व्हायला लागली आणि भिंगरी चुकायला लागली. खालचा ओठ पुढं यायचा, डोळे भरायचे, आणि एकदा तर तिनं जमिनीवर सपशेल लोळण घेतली. काकांना ते बघवेना. कार्यालयात दुसऱ्यांची पोरं चुकत तेव्हा ते शांतपणे वहीत टिपून घेत. ही त्यांची होती.

रविवारी सकाळी त्यांनी घराची मागची बाजू उघडली. बोर्डवर दोन बारीक टिंबं होती, ती जोडली की चाहूल मंद होणं थांबायचं. काकांनी त्यांच्यावर सोल्डरचा एक थेंब टाकला. नीट, गोल, चकचकीत थेंब. आठवडाभर राहू दे, मग काढू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्क्रू आवळले.

तो थेंब ते विसरले. मुद्दाम विसरले असं म्हणता येणार नाही. पण आठवायला काही कारणच उरलं नाही. भिंगरी पुन्हा हात वर करायला लागली. खेळण्यात प्रत्येक उत्तराची नोंद व्हायची, बरोबर, चूक किंवा उत्तर नाही, आणि दर सोमवारी काका ती नोंद कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर उतरवायचे. वीसपैकी एकोणीस. वीसपैकी वीस. वीसपैकी एकोणीस. नमुने दिलेल्या सगळ्या घरांतल्या मुलांत पहिली. काका तो कागद खिशात घालून हिंडायचे, आणि खालच्या चष्मेवाल्यालासुद्धा दाखवून यायचे. त्या बिचाऱ्याला काही कळायचं नाही, पण मान डोलवायचा.

सूनबाईच्या मनात मात्र काहीतरी सलत होतं. ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाबा, मी हाक मारते तर ही बघतच नाही."

"खेळात असते गं. तिची तंद्री लागते."

"खेळात नसतानाही. मागून हाक मारली तर नाहीच. आणि बोलतही नाही अजून. आ आणि म्म, याच्यापुढं गाडी जात नाही."

"दार आपटलं की वळते ना? मिक्सर लावला की येते ना पळत?"

"येते."

"मग?"

सूनबाईनं नळ बंद केला. "मला नाही माहीत मग काय ते. मला वाटतं कान तपासून घ्यावेत. मी चिठ्ठी आणलीय, पुढच्या गुरुवारची वेळ मिळालीय."

काकांनी खिशातून कागद काढला. ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर उलगडून ठेवला आणि एकोणीस या आकड्यावर बोट ठेवलं. "तुझाच आवाज आहे त्यात. तुझ्या आवाजातला प्रश्न. ऐकू येत नसताना वीसपैकी एकोणीस बरोबर येतील का? तूच सांग."

तिनं कागदाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा राहून बूट घालत होता. तो म्हणाला, "बाबांना आवाजातलं कळतं गं. आणि एवढ्या लेकराला कशाला तपासणीच्या त्या बंद खोलीत कोंडायचं?" हे दुसरं वाक्य आदल्या दिवशी काकांनीच त्याला ऐकवलेलं होतं.

गुरुवार आला आणि गेला. चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली तशीच राहिली. तिच्यावर दुधाच्या हिशेबाचा कागद आला, मग पाळणाघराच्या सुट्ट्यांचा.

त्यानंतरही सूनबाई दोनदा बोलली. एकदा म्हणाली, "दिवसभर परकी माणसं माझं ऐकतात, घरी माझी पोर ऐकत नाही," आणि स्वतःच हसली. काकाही हसले. तिचं ते हसणं खरं नव्हतं, हे एकतीस वर्षं नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

असे आठ महिने गेले. भिंगरी अठ्ठावीस महिन्यांची झाली. पाळणाघरातली तिच्या बरोबरीची मुलं भांडायला लागली, चुगल्या करायला लागली, आणि ही बोट दाखवून म्म म्हणायची.

मग खेळण्याचा शेवटचा नमुना तयार झाला. कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी एक तरुण बाई होती, तिला काका कोडवाली म्हणत. तिनं सगळं घासूनपुसून बसवलं होतं. काकांनी नवीन घर मोठ्या दिमाखात भिंगरीपुढं ठेवलं. पहिल्या दोन दिवसांत चाहूल विझत गेली. आठवड्याच्या शेवटी नोंद आली, वीसपैकी चार.

काकांनी खेळणं उघडलं. दुसरं काय करणार. स्पीकर बदलला. पुढच्या आठवड्यात वीसपैकी तीन. आवाज वाढवला, तारा पुन्हा जोडल्या, स्पीकरपुढची जाळी मोठी केली. वीसपैकी चार. भिंगरी आता घर बघितलं की पाठ फिरवायची. काकांना रात्रंदिवस तोच ध्यास. चांगलं चालणारं खेळणं या पोरीनं बिघडवलं, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि ही पोरगी म्हणजे कोडवाली.

ते तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे. माझी नात एकोणीसवरून चारवर आली."

कोडवालीनं नोंद वाचली. पुन्हा वाचली. "काका, सहा खिडक्या आहेत," ती हळूच म्हणाली. "डोळे मिटून दाबत सुटलं तरी विसात तीन-चार बरोबर येतातच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे मूल अंदाजानं दाबतंय. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. बाकीच्या घरांतलं बघा. चाहूल गेली की सगळेच आधी पडतात, आठ, नऊ. मग चढतात, चौदा, पंधरा. इथं चढतच नाही."

"जुन्या नमुन्यावर एकोणीस यायचे. आठ महिने."

"तेच मला कळत नाहीये. जुना आणता का?"

जुना काकांच्याच खणात होता. त्यांनी टेबलावर पालथा घातला, स्क्रू काढले आणि भिंगाचा दिवा ओढून घेतला. बोर्डवरचा थेंब त्यांना तिच्या आधी दिसला. आपलं अक्षर माणूस ओळखतो तसा त्यांनी तो ओळखला.

"हा कुणी टाकला?" कोडवालीनं विचारलं. "याच्यामुळं चाहूल कधी विझलीच नसणार."

"मी," काका म्हणाले.

ते खुर्चीवर बसले. खालून काचा घासल्याची घरघर येत होती. कोडवाली काहीतरी बोलली, त्यांना ते कळलं नाही. आठ महिने भिंगरी दिवा बघून खिडकी दाबत होती. एकोणीस, वीस, एकोणीस. डोळ्यांचे गुण, आणि ते त्यांनी कानांच्या खात्यावर मांडले होते. आणि तो कागद ओट्यावर उलगडून त्यांनी एका आईला गप्प केलं होतं.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जुनं खेळणं पिशवीत घातलं आणि पाळणाघरातून भिंगरीला लवकर घरी आणलं. वाटेत ते मुद्दाम एक पाऊल मागं राहिले आणि तिला हाक मारली. दोनदा, तीनदा. ती पुढं चालत राहिली. पुढून आलेल्या कुत्र्याला बघून मात्र थांबली.

घरी भिंगरी बरण्यांची झाकणं घेऊन एकावर एक रचत बसली. काकांनी जुन्या खेळण्याच्या सहाही खिडक्यांवर काळी चिकटपट्टी लावली. जमिनीतून थरथर जाऊ नये म्हणून ते कपाटाच्या कप्प्यात घडी घातलेल्या पांघरुणावर ठेवलं, बरोबर तिच्या पाठीमागं. सगळं व्यवस्थित केलं. काम व्यवस्थितच करायचे ते. मग बटण दाबलं.

"चेंडू कुठाय?" सूनबाईचा आवाज म्हणाला.

भिंगरीनं झाकणावर झाकण ठेवलं.

"बूट कुठाय? पक्षी कुठाय? चावी कुठाय?"

ती रचत राहिली. काका आवाज वाढवत गेले. खेळण्यातली सूनबाई शेवटी इतक्या मोठ्यानं ओरडली की काकांनाच सोसवेना, आणि तेव्हा कुठं भिंगरीनं मान वळवली. आजोबांना बघून ती छान हसली, आणि एक झाकण उचलून त्यांना द्यायला आली.

सूनबाई सहाला आली. पर्स खांद्यावरून काढायच्या आत काकांनी सांगायला सुरुवात केली. थेंबापासून सांगितलं. काही गाळलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. तिनं सगळं उभ्यानं ऐकलं. मग ती फ्रिजपाशी गेली, सुट्ट्यांचा कागद बाजूला केला, दुधाचा केला, आणि खालची चिठ्ठी काढली.

"मी सांगत होते," ती म्हणाली.

"हो."

"आठ महिने मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय. मी दिवसभर बाहेर असते म्हणून पोर माझ्यावर रुसलीय. खेळण्यातला माझा आवाज तिला चालतो आणि मी नाही चालत." तिचा आवाज चढला नाही. फोनवर असायचा तसाच राहिला, आणि त्याचीच काकांना जास्त भीती वाटली. "मी त्या खेळण्यावर जळत होते, बाबा. माहितीय तुम्हाला?"

"चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि भिंगरीला उचलून आत गेली.

त्यानंतर ती काकांशी कामापुरतंच बोलायला लागली. चहा ठेवलाय. किल्ली घ्या. नवऱ्याशी एकदा खूप भांडली, आणि दार लावून भांडली तरी काकांना शब्दन् शब्द ऐकू आला. त्यांचे कान उत्तम होते.

कान तपासायच्या जागी एक जाड दाराची खोली होती, आतून मऊ भिंतींची. तपासणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हातात कापडी बाहुली घेऊन भिंगरीशी खेळता खेळता काम करणाऱ्या. काका त्यांच्या हातांकडे बघत राहिले. बाई कुठलाही आवाज देण्याआधी चेहरा अगदी कोरा ठेवत होत्या, बाहुली स्थिर ठेवत होत्या. मुलाला डोळ्यांनी काहीसुद्धा कळू द्यायचं नाही. म्हणजे या बाईंचं सगळं कसब, काकांनी केलं ते न करण्यात होतं.

मग त्यांनी एक कागद पुढं ठेवला. "दोन्ही कान. जाड, मोठे आवाज पोचतात, म्हणून दार आपटलं की वळते. बोलणं पोचत नाही. पोचलंच तर भिंतीपलीकडं कुणी बोलावं तेवढं." त्यांनी चष्मा काढला. "अठ्ठावीस महिने. घरात कुणालाच शंका आली नाही?"

सूनबाई मांडीवरच्या पिशवीची चेन उघडत आणि लावत राहिली. मुलगा खाली बघत होता.

"हिला आली होती," काका म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वी. चिठ्ठीसुद्धा आणली होती. मी येऊ दिलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. "या वयातले आठ महिने फार असतात, आजोबा."

"भरून निघतील का?"

"काही निघतील. किती, ते मी सांगणार नाही. यंत्रं लावू, शिकवू, आणि तुम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर बसून दिवसभर बोलायचं."

यंत्रं तीन आठवड्यांनी आली. कानामागं बसणारी, घेवड्याच्या दाण्याएवढी. भिंगरीनं पहिल्या दिवशी ती अकरा वेळा काढून फेकली, एकदा चावली, एकदा बुटात टाकली. यंत्र लावलं की आधी रडायची. जन्मापासून शांत असलेलं घर एकदम अंगावर यायचं ना. भांडं घासल्याचा आवाज आला तरी ती दचकून आईला चिकटायची. काका दुरून बघायचे. चिमुकल्या हातांना निघणार नाही अशी वस्तू करणं हा त्यांचा धंदा होता. यंत्राला एक बारीक पकड लावायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा हात पुढं गेला.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "एवढं एक उघडू नका."

त्यांनी हात मागं घेतला. नंतर तिनं भिंगरीच्या जुन्या टोपीला दोन बंद शिवले आणि त्यात यंत्रं बसवली. छान बसली. काकांना तसं सुचलं नसतं.

सूनबाईनं कामावरून तीन महिन्यांची रजा काढली आणि ती बोलत सुटली. कांदा चिरतेय बघ. हा बघ कांदा. डोळ्यांत पाणी आलं बघ. आईचं नाक बघ कसं वाहतंय. शेजारी म्हणायला लागले, हिच्या तोंडाला आराम कसा नाही. काकांनी जुनं खेळणं घरीच कोपऱ्यात ठेवलं होतं. थेंब काढला होता, आणि चाहुलीच्या तारा मुळापासून कापून टाकल्या होत्या. ते भिंगरीपुढं मांडायची हिंमत मात्र त्यांनी केली नाही.

यंत्रं येऊन सात आठवडे झाले तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ. भिंगरीच्या डोक्याला टोपी होती आणि उठल्यापासून तिनं ती ओढली नव्हती. सूनबाई ओट्यापाशी पाठमोरी काहीतरी चिरत होती, आणि बोलून बोलून दमल्यामुळं पहिल्यांदाच गप्प होती. भिंगरी कोपऱ्यात गेली, घर ओढत मधे आणलं आणि स्वतःच बटण दाबलं.

"चेंडू कुठाय?"

तिनं खिडक्यांकडं बघितलं. एकेक करून सहाही. कुठंच दिवा लागला नाही. काका खुर्चीत बसल्या जागी पुढं झुकले. उठ, जाऊन चेंडूची खिडकी दाखव तिला, असं त्यांचं सगळं अंग म्हणत होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"चेंडू कुठाय?" घरानं पुन्हा विचारलं.

भिंगरीचा हात हवेतच थांबला. ती घराकडं बघेना. तिनं मान तिरकी केली, मग मागं वळून ओट्याकडं बघितलं. आईची पाठ. ती उठली. घर तिथंच टाकून ती ओट्यापाशी गेली आणि आईचा कपडा धरून ओढायला लागली.

"काय गं? काय पायजे तुला?" म्हणत सूनबाई वाकली.

भिंगरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. बोलणाऱ्या ओठांवर, सपाट पंजा. वळून मधे पडलेल्या घराकडं बघितलं, पुन्हा आईच्या तोंडाकडं बघितलं, आणि वाट बघत उभी राहिली.

सूनबाई होती तिथंच जमिनीवर बसली. सुरी हातातच होती, ती तिनं बाजूला ठेवली. "मीच आहे," ती म्हणाली. "मीच गं ती. मीच विचारतेय." भिंगरीनं हात काढला नाही.

थोड्या वेळानं ओट्यापासून हाक आली. "बाबा, इकडं या." अडीच-तीन महिन्यांत काहीही काम नसताना मारलेली ती पहिली हाक. काका उठले. मधल्या खोलीत घरानं तिसऱ्यांदा विचारलं, चेंडू कुठाय, थोडं थांबलं, आणि झोपी गेलं.

सोमवारी काकांनी सवयीनं नोंद उतरवली. कोडवाली शेजारून वाचत होती.

"उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही," ती म्हणाली. "पीस बिघडलाय का काका? तसं लिहू?"

"पीस चांगला आहे. तिनं ऐकलं आणि आईकडं गेली."

"त्याला रकानाच नाहीये आपल्याकडं. मी एक करते हवं तर."

"नको," काका म्हणाले. "राहू दे तसंच."